सुट्या कपड्यांच्या बाजूने

दादरला किंवा पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर एखाद्या मोठ्या दुकानात जाऊन नुसता कुडता मागून पाहा. सेल्समन आधी ऐकू न आल्यासारखं करतो आणि थ्री-पीस उलगडायला लागतो. कुडता, त्याच छापाची पँट, त्याच छापाची ओढणी. 'ताई, आता सेटच चालतात.' पुरुषांच्या मजल्यावरही तेच. कुडता घ्यावा तर जॅकेट आणि चुडीदार त्याच खोक्यात. साडीला ब्लाउज पीस टोकाशी जोडूनच आलेला असतो. बारशाच्या झबल्याबरोबर टोपी आणि मोजे जोडीचे येतात हे समजू शकतं, कारण बाळाला अजून स्वतःची आवड नसते. बाकीच्यांना ती असायला हरकत नाही.

माझं म्हणणं असं, की रोज नीटनेटकं आणि थोडं ऐटीत दिसण्याच्या आड कपड्यांची टंचाई येत नाही, हा सेट येतो. कपाट गच्च भरलेलं असतं आणि तरी सकाळी पावणेआठला त्यापुढे उभं राहिलं की काही सुचत नाही, याचं कारण आतला एकही कपडा दुसऱ्यावर चालत नाही. ज्याचा त्याचा जोडीदार ठरलेला.

साधा हिशेब मांडू. पाच सेट म्हणजे पंधरा कपडे, आणि त्यातून पेहराव होतात पाच. तेच पाच सुटे कुडते, तीन पँटी आणि तीन ओढण्या घेतल्या तर कपडे होतात अकरा आणि कागदावर पेहराव पंचेचाळीस. त्यातले निम्मे डोळ्यांना खुपतील, ते सोडून द्या. तरी वीस-बावीस उरतात. शिवाय सेट एकदम म्हातारा होत नाही. कुडता दर वेळी धुवावा लागतो, काखेत घामाने त्याचा रंग उडतो. पँट गुडघ्याशी आणि बसण्याच्या जागी विरते. ओढणी मात्र प्रवासात अडचण नको म्हणून घरीच राहिलेली असते, ती कोरी करकरीत. वर्षभरात तिघांचा रंग तीन तऱ्हेचा होतो. रंग जुळणं हीच ज्याची एकमेव पुण्याई, तो सेट त्या दिवशी संपला. कपाटाच्या वरच्या कप्प्यात पोरक्या ओढण्यांची जी चळत असते, ती अशी जमते.

आणि ही जुळवून घालण्याची हौस आपल्याकडे काही फार जुनी नाही. इरकली लुगडं डोळ्यांसमोर आणा. अंग हिरवं असो, निळं असो की डाळिंबी, पारंपरिक इरकलीचा पदर ठरलेला: लाल रेशमाचा, त्यात पांढरी नक्षी. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात इलकलला या पदराचा ताणा अंगाच्या ताण्यापासून वेगळा लावतात आणि मागावर दोन्हींचे फासे एकमेकांत अडकवून जोडतात. म्हणजे अंग बदलतं आणि पदर कायम राहतो, ही सोय विणण्यातच आहे. त्याच जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण अंगावर आला की लुगडं एका रंगाचं, काठ दुसऱ्या, पदर तिसऱ्या आणि चोळी चौथ्या. तरीही ते कुणाला विशोभित वाटलं नाही. पैठणीतही जांभळ्याला हिरवा काठ आणि हिरव्याला लाल काठ हीच शोभा मानली जाते. अंग आणि काठ एकाच रंगाचे केले तर ती फिकी वाटेल.

असं का झालं असावं? माझा तर्क ओटीपाशी जातो. खण म्हणजे रुंदीला आखूड, एका चोळीपुरता तुकडा, आणि तो बाईच्या घरी बऱ्याचदा यायचा खणानारळाच्या ओटीतून. म्हणजे पसंती दुसऱ्या कुणाची. जिला चोळी दुसऱ्याच्या आवडीची मिळते तिला ती लुगड्याशी जुळवण्याची चैन नसते. मिळालेला रंग असलेल्या रंगाशेजारी पेलायला तिला शिकावंच लागतं. पिढ्यानपिढ्या हे चाललं तर डोळा तयार होणारच. आजही ओटीत ब्लाउज पीस येतो, पण तो शिवत कोणी नाही. पुढच्या हळदीकुंकवाला तो दुसरीच्या ओटीत जातो आणि सगळ्या सदाशिव पेठेला प्रदक्षिणा घालून दोन वर्षांनी आपल्याच घरी परत येतो.

मॅचिंगचं युग आलं ते पाचवारी, गिरणीचं कापड आणि टू बाय टू रुबिया यांच्याबरोबर. मॅचिंग सेंटर या दुकानाबद्दल मला मनापासून आदर आहे. भिंतभर तागे, एकाच मोरपंखीच्या आठ-दहा छटा, आणि साडीचा कोपरा हातात धरून उंबरठ्याबाहेर उन्हात रंग ताडणारी बाई. ट्यूबलाइटखाली रंग फसतो, हे तिला कोणी शिकवलेलं नसतं. तिची नजर कुठल्याही चित्रकाराइतकी तयार असते. वाईट इतकंच, की त्या नजरेचं काम फरक शोधून तो मिटवणं एवढंच उरलं. मग प्रत्येक साडीला एक ब्लाउज, त्याला अस्तर, हुक, शिलाई, आणि वजन पाच किलोंनी वाढलं की अख्खा डबाच बाद. त्याऐवजी चार ब्लाउज नीट शिवून घ्यावेत: एक काळा, एक मोतिया, एक खणाचा, एक इकतचा. निम्म्याहून अधिक साड्या या चारांत निभावतात. काळ्याला आपल्याकडे संक्रांतीपुरतीच परवानगी असते. ती वर्षभर वाढवली तर एवढी मोठी सोय दुसरी नाही.

सुटे कपडे एकत्र आणण्याची हिंमत मराठी माणसाने एकेकाळी चांगली दाखवली होती. सत्तरच्या दशकातल्या चळवळीतल्या कार्यकर्त्याचा पोशाख आठवा: खादीचा झब्बा, खाली जीन्स, खांद्याला शबनम, पायात कोल्हापुरी. खादी भंडारातला झब्बा आणि अमेरिकन कामगाराची विजार यांची गाठ कोणी ठरवून घातली नव्हती. झब्बा हवेशीर, जीन्स मळखाऊ, शबनममध्ये पत्रकं आणि डबा दोन्ही मावतात, अशी ती सोयीतून जमली आणि नंतर देखणी ठरली. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या देत असत, तेव्हा जीन्सवरूनच साडी नेसून कॅमेऱ्यासमोर बसत, ही गोष्ट त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्या अनेकांनी सांगितली आहे. कॅमेऱ्याला अर्धंच दिसतं, हा त्यातला व्यवहार. पण हातमागाची साडी रोजच्या अंगावर इतकी सहज दिसू शकते, हे तेव्हाच्या कॉलेजातल्या मुलींनी तिथे पाहिलं. पुढे झब्बा-शबनमचाही गणवेश झाला, कवितावाचनाला जाताना तो घालावाच लागतो अशी वेळ आली, आणि त्यातली मजा गेली. सुट्या कपड्यांचा सेट झाला की असंच होतं.

'मोजके, एकमेकांवर चालणारे कपडे' या कल्पनेला हल्ली कॅप्सूल वॉर्डरोब म्हणतात. सत्तरच्या दशकात लंडनमध्ये 'वॉर्डरोब' नावाचं दुकान चालवणाऱ्या सूझी फॉ यांनी ती रुजवली. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉना कॅरन यांनी 'सेव्हन ईझी पीसेस' या नावाने नोकरी करणाऱ्या बाईसाठी मोजक्या कपड्यांचा संग्रह आणला आणि ती जगभर गेली. कल्पना उत्तम आहे. गोंधळ होतो तो त्यांची यादी जशीच्या तशी उचलली की. पांढरा शुभ्र शर्ट, ब्लेझर, ट्रेंच कोट, घोट्यापर्यंतचे बूट, कश्मिरी लोकरीचा स्वेटर. हे मूळ कपडे आहेत खरे, पण लंडन-न्यूयॉर्कच्या हवेचे. ट्रेंच कोट घालून जुलैत कुर्ला स्टेशनच्या पुलावर उभं राहून दाखवावं. बाहेरून पाऊस आणि आतून घाम. कोट नेमका कशासाठी घातला हे पाच मिनिटांत कळेनासं होतं. पांढऱ्या शर्टाचं तसंच. त्याला रोज इस्त्री लागते, आणि मुंबईत तो दादर येईपर्यंत पांढरा राहत नाही.

मूळ कपडे कोणते, हे हवा ठरवते. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. तिथल्या मूळ कपड्यांत पोटरीपर्यंतची गडद पँट आणि रबरी चपला आल्याच पाहिजेत. जीन्स आली नाही तरी चालेल, कारण भिजलेली जीन्स दोन दिवस वाळत नाही. पुण्यात पाऊस त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, हवा कोरडी, संध्याकाळी गार. तिथे जीन्सवर सुती कुडता आणि थंडीत एक पातळ जाकीट हे आठ-नऊ महिने पुरतं. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, तिथे बाह्या लांब आणि सैल लागतात. उन्हात उघडा दंड म्हणजे फॅशन नव्हे, भाजणं. गंमत अशी, की पुण्याची मुलगी वर्षातले सगळ्यात जास्त तास जे अंगावर वागवते, तो पांढरा सनकोट आणि डोळे सोडून सगळं झाकणारा स्कार्फ, त्याची गणना कोणी पेहरावात करतच नाही. दुकानात मिळेल तो विटका, कुठलाही छापील, तीनशे रुपयांचा. रोज अंगावर चढणाऱ्या कपड्यापेक्षा वर्षातून एकदा घालायच्या घागऱ्याचा विचार जास्त होतो, ही आपली उलटी गणितं. सनकोट मळकट निळ्या खादीचा, कॉलर आणि दोन खिसे लावून शिवून घेतला तर रस्त्यावरून उतरल्यावरही अंगावर ठेवावासा वाटेल.

कोल्हापुरीबद्दल मात्र सावधपणे बोलावं लागतं, कारण तिचा अभिमान आता राष्ट्रीय झाला आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोघांना मिळून तिचं भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या मंचावर तशाच चपला चालवल्यावर घराघरांत तिचे वकील तयार झाले. ती साडीवर, जीन्सवर, झब्ब्यावर, लिननच्या पँटवर चालते, कारण तिचा रंग कातड्याचाच आहे आणि त्या रंगाचं कुणाशी भांडण नसतं. पण पाण्याशी तिचं जमत नाही. जूनमध्ये तिला तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवायचं आणि दसऱ्याला काढायचं. वर्षाचे बाराही महिने एकच जोड चालेल, असं सांगणाऱ्याने आपला पावसाळा पाहिलेला नाही.

आता सुतीबद्दल. साधेपणावर बोलणाऱ्या लेखात सुती कापडाची आरती असतेच, आणि मीही बहुतेक सुतीच घालते. कापूस त्याच्या वजनाच्या साधारण आठ टक्के ओलावा हवेतूनच धरून ठेवतो. पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून उकाड्यात सुती अंगाला बरं वाटतं. पण तेच कारण पावसाळ्यात उलटतं. सुती भिजलं की जड होतं, अंगाला चिकटतं, वाळायला वेळ घेतं, आणि चाळीत दांडीवर त्याला कुबट वास येतो. लोकलने येणाऱ्या-जाणाऱ्या बायका पावसाळ्यात जॉर्जेट आणि क्रेप काढतात ते अडाणीपणाने नव्हे. त्यांनी त्या कापडाची परीक्षा आपल्यापेक्षा जास्त वेळा घेतली आहे.

'साधी सुती साडी' हा शब्दप्रयोगही जरा तपासून घ्यावा. ती धुवायची वेगळी, तिला खळ द्यायची, ओढून ताणून वाळवायची, मग कडक इस्त्री किंवा रोल प्रेस. एवढं करून ती एक दिवस टिकते. संध्याकाळी निऱ्यांचा चोळामोळा. हे श्रम किंवा त्यांचे पैसे कोणीतरी मोजतच असतं. चार घरची कामं करणारी बाई सुरतेची चकचकीत सिंथेटिक साडी नेसते, कारण ती रात्री धुतली की सकाळी वाळलेली असते, इस्त्री मागत नाही, फाटत नाही आणि सुतीपेक्षा स्वस्त मिळते. तिच्या साडीकडे पाहून 'भडक' म्हणणारी, हातमागाची मळखाऊ साडी नेसलेली बाई आपल्या आवडीचं कौतुक करत असते खरी. पण त्या आवडीमागची इस्त्री बऱ्याच वेळा त्या पहिल्या बाईनेच केलेली असते.

साधेपणा सगळ्यांना सारखा परवडत नाही आणि तो फक्त पैशाचा प्रश्न नाही. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत गांधीजींनी अंगावरचे कपडे कमी केले आणि पंचा पत्करला. देशातल्या गरिबाशी नातं सांगणारी ती कृती होती आणि तिचं मोल मोठं आहे. पण १९२७ च्या डिसेंबरात महाडला डॉ. आंबेडकर जमलेल्या स्त्रियांशी बोलले ते वेगळंच. लुगडं नेसण्याची आणि दागिन्यांची जी रीत लांबूनच जात सांगते ती सोडा, अंगावरचं स्वच्छ असू द्या, असा त्यांचा आग्रह होता. ते स्वतः तीन तुकड्यांच्या सुटात, टायसह वावरले. ज्याच्या पूर्वजांना चांगलं वस्त्र घालायला बंदी होती, त्याने साधेपणाची दीक्षा घ्यावी असं सांगणं क्रूर आहे. कडक इस्त्रीचा शर्ट तिथे ऐट नसतो, हक्क असतो. तेव्हा 'कमी कपडे, साधे कपडे' हा उपदेश करताना तो कुणाला करतोय हे आधी पाहावं. मी तो करते आहे ते, ज्यांची कपाटं बंद होत नाहीत त्यांना.

इथे एक आक्षेप येईल: सेट घेण्यात कष्ट वाचतात, विचार करावा लागत नाही, आणि सकाळी डबा-शाळा-लोकल यांत विचार करायला वेळ कुणाला आहे? आक्षेप खरा आहे. पण विचार रोज करायचाच नसतो. तो खरेदीच्या वेळी एकदा करायचा असतो. नवा कुडता हातात घेतला की घरातल्या तीन तरी पँटींवर तो चालेल का, एवढा एकच प्रश्न. नसेल तर परत ठेवायचा, कितीही सुंदर असो. खालचे कपडे बिनछापाचे आणि मातीच्या, राखेच्या, निळीच्या रंगांचे ठेवले, आणि छाप, भरतकाम, रंगांची हौस वरच्या कपड्यात भागवली, की बाकी गोष्टी आपोआप जमतात. ओढणी घ्यायची तर चार-पाच रंगांची घ्यावी, कलमकारी किंवा बांधणी. तिच्यातला कुठला ना कुठला रंग कुडत्यात सापडतो आणि तेवढ्यावर सगळं एकत्र बांधलं जातं. मग सकाळी डोळे मिटून हात घातला तरी फार चुकत नाही. पुरुषांचं तर याहून सोपं आहे. दोन निळे शर्ट, एक पांढऱ्यात बारीक चौकड्यांचा, एक राखाडी आणि एक खाकी पँट, एवढ्यात माणूस वर्षभर कचेरीत सभ्य दिसतो. त्यांचा घोटाळा रंगात होत नसून लांबीत होतो: खोचायचा शर्ट बाहेर सोडतात, बाहेर सोडायचा खोचतात.

कचेरीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. मूळ कपड्यांची यादी सरकारनेही करून पाहिली. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने कर्मचाऱ्यांसाठी परिपत्रक काढलं. जीन्स, टी-शर्ट, स्लीपर नकोत, गडद रंगांचे आणि चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत, शुक्रवारी खादी वापरावी. काही महिन्यांनी जीन्सवरची बंदी उठली, टी-शर्टवरची राहिली. २०२४ मध्ये शिक्षकांसाठी तशाच सूचना निघाल्या. पुरुषांचा शर्ट खोचलेला असावा इथपर्यंत. नीटनेटकेपणा हुकमाने येत नाही, हे कुठल्याही शाळेत गणवेशातल्या चाळीस मुलांकडे पाहिलं तरी कळतं. सगळ्यांच्या अंगावर एकच कपडा असतो आणि तरी दोघं-तिघंच व्यवस्थित दिसतात. ज्यांचा गणवेश मापाचा असतो ते.

माप ही ती खरी गोष्ट. रंगाबद्दल एवढं बोलून झाल्यावर मला कबूल केलं पाहिजे की रंग दुसऱ्या क्रमांकावर आहे. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर आली, मुंढा काखेत काचला नाही, बाही कोपराच्या अलीकडे किंवा पलीकडे थांबली, नेमकी कोपरावर नाही, की दोनशे रुपयांच्या कापडाचा कुडता दोन हजारांचा दिसतो. साइड कट कंबरेच्या किती खाली सुरू होतो यावर चालणं सुटसुटीत दिसतं की अवघडलेलं, हे ठरतं. सरळ, गुडघ्यापर्यंतच्या कुडत्याखाली निमुळती पँट लागते. आखूड कुडत्याखाली सैल पलाझो. उलट केलं तर उंच बाईसुद्धा ठेंगणी वाटते.

हे रेडिमेडमध्ये होत नाही, कारण रेडिमेड कुडता स्मॉल, मीडियम, लार्ज अशा तीन-चार काल्पनिक बायकांसाठी कापलेला असतो. त्याची शिवण ओव्हरलॉक मारून कापडाच्या कडेला टेकलेली, आत माया जेमतेम. तो घट्ट करता येतो, सैल करता येत नाही. शिंपी शिवणीत इंच-दीड इंच माया ठेवतो आणि तीच कपड्याची खरी मुदत वाढवते: बाळंतपणानंतर, चाळिशीनंतर दोन टाके उसवले की तोच ब्लाउज पुन्हा अंगात बसतो. गल्लीतले लेडीज टेलर आता ब्लाउज, फॉल-पिको आणि अल्टरेशनपुरते उरलेत, आणि दिवाळीच्या तोंडावर ते तारीख चुकवतात ही त्यांची ख्याती जुनीच आहे. तरीही माझं मत असं, की कपड्यांवरच्या खर्चातला एक ठरावीक भाग दर वर्षी शिंप्याकडे गेला पाहिजे. नव्या कपड्यांसाठी नव्हे, असलेल्यांसाठी. बाह्या आखूड करून घ्याव्यात, पँटची लांबी घोट्याला आणावी, जुन्या साडीचा काठ साध्या कुडत्याच्या बाहीला लावावा. आणि खिसा. बाईच्या कुडत्याला उजव्या शिवणीत एक खोल खिसा, ज्यात मोबाइल आणि सुटे पैसे राहतील. हा एक बदल करून घेतला तर निम्म्या बायका लोकलच्या दारात पर्स छातीशी धरून उभ्या राहायच्या थांबतील.

राहता राहिला प्रश्न तोचतोचपणाचा, आणि सगळं घोडं इथेच अडतं. सुट्या कपड्यांचा मार्ग म्हणजे तेच कपडे पुन्हा पुन्हा दिसणार. पुरुषाला याची भीती नसते. तो तोच निळा शर्ट तीन वर्षं घालतो आणि लोक म्हणतात, माणूस साधा आहे. बाईने तीच साडी दुसऱ्या मुंजीला नेसली की मावशी, काकू, आत्या यांच्यापैकी कोणीतरी विचारतेच, 'ही सुमनच्या लग्नातलीच ना?' त्यात वाईट हेतू नसतो, स्मरणशक्तीचं प्रदर्शन असतं. पण त्या एका प्रश्नाच्या धास्तीने किती साड्या घेतल्या जातात! आता तर फोटो व्हॉट्सॲपवर असतात, म्हणजे स्मरणशक्तीचीही गरज उरली नाही.

आणि या धास्तीवर एक अख्खा बाजार उभा आहे. साड्यांच्या दुकानात जाऊन 'देण्याघेण्याच्या दाखवा' म्हटलं की वेगळा गठ्ठा निघतो. रंग भडक, पोत कडक, किंमत ठरलेली. देणाऱ्याला माहीत असतं की ही कोणी नेसणार नाही, घेणाऱ्यालाही माहीत असतं, दुकानदाराला तर सगळ्यात आधी. लग्नात अशा पंचवीस-तीस साड्या मानापानात फिरतात, आणि मग त्या पुढच्या लग्नापर्यंत पलंगाखालच्या बॅगेत थांबतात. पुरुषांच्या वाट्याला पँटपीस-शर्टपीसचं खोकं येतं. तेही तसंच, न उघडता, पुढे सरकतं. रोजच्या चांगल्या कपड्यांवर खर्च करायला हात आखडणारी माणसं या न घातल्या जाणाऱ्या कापडावर हजारो रुपये घालवतात. सुटा, चांगल्या सुताचा, मापाचा कुडता महाग वाटतो तो या खर्चानंतर उरलेल्या पैशांत घ्यावा लागतो म्हणून.

पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापण्याची रीत आपल्याकडे रुळली आहे. पाहुण्यांना आपण हे सांगू शकतो, तर दोन्हीकडच्या यजमानांनी बैठकीतच मानाच्या साड्या आणि कापडाची खोकी बंद करायला काय हरकत आहे? द्यायचंच असेल तर ज्याला द्यायचं त्याला दुकानात घेऊन जा, त्याच्या पसंतीचं अडीच मीटर कापड घ्या आणि शिलाईचे पैसे शिंप्याकडे आगाऊ देऊन या.